खिडकीतली टोमॅटोची रोपं आणि पहिलं ऊन

आधी तुमची हकीकत माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर कळेल. ट्रेमध्ये टोमॅटोचं बी पेरलं, 24 पैकी 22 उगवलं. ट्रे खोलीतल्या टेबलावर, खिडकीपासून दोन-तीन हात आत. तीन आठवड्यांत रोपं वीतभर उंच झाली, त्यामुळे तुम्ही खूश. मग एका सकाळी अख्खा ट्रे उघड्यावर ठेवून तुम्ही कामाला गेलात. संध्याकाळी पाहता तर 10 रोपं आडवी आणि उरलेल्यांच्या पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे. ऊन एवढं कडक नसताना असं का झालं, उरलेली 12 रोपं जगतील का, आणि पुढच्या वेळी रोपं काटक व्हावीत म्हणून पाणी तोडावं का, असे तुमचे तीन प्रश्न. तिसरा कुणीतरी दिलेल्या सल्ल्यावरून आलाय.

तिसऱ्याचं उत्तर एका शब्दात देता येतं: नको. पहिल्या दोनांसाठी जरा मागे जावं लागेल. रोपं त्या दिवशी मेली असली तरी घोटाळा त्याआधी दोन-अडीच आठवडे झालेला आहे. वीतभर उंची पाहून तुम्हाला वाटलं वाढ जोरात आहे. प्रत्यक्षात ती रोपं उजेड शोधत वर पळत होती.

मी रोपवाटिकेत 22 वर्षं काम करते आहे आणि नवख्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत करणारी गोष्ट कोणती विचाराल तर त्याचे स्वतःचे डोळे. खोलीत आपल्याला लख्ख दिसतं, वाचता येतं, म्हणून आपण म्हणतो की इथे भरपूर उजेड आहे. निरभ्र दिवशी भर उन्हात उजेड साधारण 1,00,000 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) असतो. खिडकीपासून थोडं आत आलं की तो कित्येकदा काहीशे लक्सवर येतो. डोळ्यातली बाहुली मोठी होते, मेंदू सांभाळून घेतो, आपल्याला फरक जाणवतच नाही. रोपाकडे अशी सोय नाही. त्याच्या लेखी तो अंधार आहे, म्हणजे आपण अजून मातीखाली आहोत किंवा दुसऱ्या झाडाच्या सावलीत अडकलोय. मग ते जवळची सगळी पुंजी देठ लांबवण्यात घालवतं. पानं लहान, देठ फिकट आणि दोऱ्यासारखा, मुळं जेमतेम. वर खोली उबदार असेल तर हे आणखी झपाट्याने होतं, कारण ऊब वाढ पळवते आणि त्या वाढीला लागणारं अन्न बनवायला उजेड पुरत नाही.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बी मातीत असेपर्यंत टोमॅटोला ऊब हवी, उजेडाचं त्याला काही देणंघेणं नाही. मातीतून मान वर आली की उलट: उजेड जितका द्याल तितका थोडा, ऊब मात्र कमी केली तरी चालते. बहुतेकांच्या हातून नेमकं हेच होत नाही. उगवण किती उबेवर अवलंबून आहे बघा. माती 25 अंश सेल्सियस असेल तर टोमॅटो साधारण 6 दिवसांत वर येतो, 20 अंशांना 8 दिवस, 15 अंशांना 14 दिवस आणि 10 अंशांना तब्बल 6 आठवडे. त्यामुळे पेरलेला ट्रे घरातल्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात ठेवणं बरोबरच. पण तिथून तो हलवायचा कधी? सगळं बी उगवल्यावर नाही. पहिली वाकलेली मान मातीबाहेर दिसली की त्याच दिवशी. मागे राहिलेलं बी मागून येईल. पहिल्या दोन-तीन दिवसांत जो देठ ताणला जातो तो नंतर कितीही उजेड दिलात तरी आखूड होत नाही.

रोप नीट चाललंय की नाही हे बघायला मी बोटं लावून पाहते. पहिलं खरं पान फुटू लागतं तेव्हा खालची दोन गुळगुळीत बीजपत्रं, म्हणजे बियातूनच आधी बाहेर आलेली पानं, मातीपासून दोन बोटं उंचीवर असावीत. तीन बोटं असली तर ट्रे उजेडाच्या आणखी जवळ न्यायचा. चार बोटं झाली म्हणजे उशीर झालाय. दुसरी खूण म्हणजे झुकणं. ट्रे फिरवून ठेवलात आणि संध्याकाळपर्यंत सगळी रोपं पुन्हा खिडकीकडे माना वळवून बसली, तर एका बाजूने येणारा तो उजेड त्यांना पुरत नाहीये. रोज ट्रे फिरवल्याने रोपं सरळ दिसतात, पण उजेड वाढत नाही. नुसती लक्षणं झाकली जातात.

खिडकी पुरत नसेल तर पांढऱ्या एलईडी ट्यूबवर रोपं उत्तम होतात. जांभळे दिवेच हवेत असं काही नाही. दिवसाला 14 ते 16 तास उजेड, बाकी वेळ पूर्ण अंधार. चोवीस तास दिवा चालू ठेवला तर वाढ दुप्पट होईल असं वाटतं, पण टोमॅटो त्या बाबतीत चमत्कारिक आहे. अखंड उजेडात त्याची पानं पिवळट, डागाळलेली होतात. दिवा किती उंचीवर असावा हे मी सांगू शकत नाही, कारण ते दिव्याच्या ताकदीवर आहे. साध्या ट्यूबखाली मी रोपाच्या शेंड्यापासून वीतभरच अंतर ठेवते आणि रोपं वाढतील तशी ट्यूब वर घेते. शेंड्याकडची पानं फिकी पडून कडा वर वळू लागल्या तर दिवा फार जवळ आहे, देठ ताणले जात असतील तर लांब. बाकी रोपच सांगतं.

आणि एक अप्रिय सल्ला. तुमच्याकडे बाहेर रात्रीसुद्धा 12-13 अंशांच्या खाली पारा जात नसेल, तर हा सगळा खटाटोप खोलीत करताच कशाला? बाहेरच उजळ सावलीत, पावसाच्या माऱ्यापासून आणि पाखरांपासून जपून रोपं केली तर ती उगवल्यापासून वाऱ्यात आणि खऱ्या उजेडात वाढतात. त्यांना पुढे काटक करण्याचं कामही दोन-चार दिवसांवर येतं. खोलीत रोपं करणं ही थंडीवरची तोड आहे, एरवी त्यात फायदा नाही. तुमच्याकडची थंडी तुम्ही सांगितलेली नाही, म्हणून पुढचं सगळं खोली गरजेचीच आहे असं धरून लिहिते.

पाण्याबद्दल थोडं. खोलीतल्या रोपांचा दुसरा शत्रू म्हणजे मर रोग. सकाळी रोप ठणठणीत, दुपारी मातीलगत देठ चिमटल्यासारखा बारीक होऊन आडवं. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींचं हे काम. त्यांना हवं ते तीन गोष्टींतून मिळतं: सतत ओला माथा, कोंडलेली हवा, अशक्त रोप. पेरताना नवं, हलकं मिश्रण घ्या. कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) थोडं परलाइट (हलके पांढरे खडे) चालतं, बागेतली माती नको. बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल. यापेक्षा वर पेरलं तर बियाचं टरफल मातीत घासून निघत नाही आणि रोप टोपी घालून वर येतं. अशी टोपी ओढू नका, पाण्याचा थेंब ठेवून ती मऊ होऊ द्या. पाणी ट्रेच्या खालून द्या, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका, आणि वरचा थर फिका पडल्याशिवाय पुन्हा देऊ नका. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही, तोच इथे हवा. उगवणीपुरतं लावलेलं प्लास्टिकचं झाकण पहिली मान दिसताच काढा. एका वर्षी मी झाकण लावलेले चार ट्रे खिडकीत विसरले. ढग सरले, झाकणाखाली भट्टी झाली आणि दोन तासांत सगळी रोपं शिजली. त्यानंतर माझ्याकडे झाकणांचा ढीग पडून आहे. मी वर्तमानपत्राचा कागद वापरते, दिसला की उचलला जातो.

खताचं फारसं काही नाही. पहिली खरी पानं उलगडेपर्यंत काहीच नको, नंतर आठवड्यातून एकदा पाव मात्रेत पातळ केलेलं कुठलंही संतुलित द्रवखत. पानांची मागची बाजू जांभळी दिसली की लोक लगेच स्फुरद ओतायला धावतात. कित्येकदा माती थंड असल्यामुळे मुळांना ते उचलता येत नसतं, आणि ट्रे थोडा उबेला ठेवला की रंग आपोआप जातो.

आता वाऱ्याकडे येते, कारण काटकपणाची सुरुवात खरं तर तिथून होते. हलणारं रोप आखूड आणि जाड देठाचं होतं. खोलीत वारा नसतो, म्हणून दोन खरी पानं आल्यावर छोटा पंखा मंद वेगाने दिवसातून काही तास लावा. पानं नुसती थरथरली पाहिजेत, वाकायला नको. पंखा नसेल तर सकाळ-संध्याकाळ तळहात रोपांच्या माथ्यावरून दहा-पंधरा वेळा हलकेच फिरवा. ऐकायला गंमत वाटते, पण आठवडाभरात देठात फरक दिसतो. पानं ओली असताना हे करू नका. तंबाखू खाणाऱ्याने किंवा ओढणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातावाटे टोमॅटोला लागतो.

म्हणजे बाहेर निघण्याच्या वेळी रोप कसं हवं? पेन्सिलीच्या आसपास जाड देठ, पाच-सहा खरी पानं, गडद हिरवा रंग, कप्प्यातून काढलं तर मुळांनी मिश्रण धरून ठेवलेलं. थंड खोलीत याला 6 ते 8 आठवडे लागतात, उबदार जागी 4 ते 5. तुमची रोपं 3 आठवड्यांची होती आणि देठ दोऱ्यासारखा होता, म्हणजे तयारी नसलेलं पोर थेट आखाड्यात उतरवलं.

उन्हात ठेवल्यावर पानात झालं काय ते सांगते, म्हणजे पुढे मी जे करायला सांगणार आहे ते पाठ करावं लागणार नाही. खोलीतल्या पानावरचा मेणासारखा थर पातळ असतो. हवा दमट आणि स्थिर असल्यामुळे पानावरची सूक्ष्म छिद्रं सुस्तावलेली असतात. वारा लागला तरी ती लवकर मिटत नाहीत आणि पाणी उडून जात राहतं. खिडकीची साधी काच अतिनील किरणांतला पोळणारा भाग जवळजवळ सगळा अडवते, त्यामुळे त्याविरुद्ध पानात जी संरक्षक द्रव्यं तयार व्हायला हवीत ती झालेलीच नसतात. आणि हिरवं द्रव्य मंद उजेडाच्या बेताने मांडलेलं असतं. एकदम शंभरपट उजेड आला की ते झेपत नाही आणि जळतं. ते पांढरे चट्टे म्हणजे मेलेल्या पेशी. म्हणूनच ऊन आपल्याला सौम्य वाटलं तरी पानाला ते सौम्य नव्हतं.

या सगळ्या गोष्टी पान शिकतं, पण त्याला दिवस लागतात, आणि बऱ्याचशा गोष्टी नव्या फुटणाऱ्या पानातच नीट बसतात. म्हणून हार्डनिंगला, म्हणजे रोपाला हळूहळू बाहेरच्या उन्हा-वाऱ्याची सवय लावायला, 7 ते 10 दिवस म्हणतात. मी 10 धरते. पहिले दोन दिवस ऊन अजिबात नाही: बाहेर, पण भिंतीच्या किंवा झाडाच्या उजळ सावलीत, दोन-तीन तास. यात रोप फक्त वारा आणि कोरडी हवा ओळखतं. तिसऱ्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन अर्धा-पाऊण तास, बाकी सावली. मग रोज अर्धा-एक तास वाढवत न्यायचं, आधी सकाळच्या बाजूने, दुपारचं ऊन सगळ्यात शेवटी. सातव्या-आठव्या दिवशी दुपारही सोसते. शेवटच्या दोन-तीन रात्री बाहेर, पण पारा 10 अंशांच्या वर राहणार असेल तरच. टोमॅटो थंडीला काटक होत नाही, ती फक्त थोडी सोसतो. पाल्यावर दंव गोठलं की संपलं, मग तुम्ही महिनाभर हार्डनिंग केलेलं असलं तरी.

तुम्ही कामावर जाता, म्हणजे दर तासाला ट्रे हलवणं शक्य नाही. मग जागा अशी निवडा की सूर्यच तुमचं काम करेल: सकाळी ऊन आणि नंतर भिंतीची सावली येते अशी कडा. किंवा 50 टक्के सावलीची शेडनेट आधी दुहेरी टाका, चार दिवसांनी एकेरी, मग काढा. रोज फक्त सकाळी हात लावावा लागतो. अशी कुठलीच जागा नसेल तर सुट्टी जोडून घ्या. हे मी गंमतीने म्हणत नाही.

यात एक सापळा आहे आणि मी त्यात पुरती अडकले होते. ढगाळ दिवस. एकदा सलग पाच दिवस आभाळ भरलेलं होतं, रोपं दिवसभर बाहेर मजेत होती, मी दिवस मोजत होते. सहाव्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि पाऊणशे रोपांची पानं दुपारपर्यंत पांढरी. ढगाळ दिवसात रोप वारा शिकतं, ऊन शिकत नाही. तेव्हापासून मी दिवस मोजत नाही, उन्हाचे तास मोजते. ढगाळ दिवस आला की आकडा कालच्या जागी थांबतो.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मुळांचा ताप. काळा छोटा कप्पा सिमेंटच्या तापलेल्या फरशीवर ठेवला की मुळं वरच्या पानाआधी भाजतात. ट्रे लाकडी फळीवर किंवा गवतावर ठेवा, आणि बाहेर नेण्याआधी सकाळी भरपूर पाणी द्या. इथेच तुमचा तिसरा प्रश्न परत येतो. पाणी तोडून रोप काटक करण्याचा सल्ला पूर्ण निराधार नाही. दोन पाण्यांमध्ये माथा नीट सुकू देणं आणि खत थांबवणं एवढं मीही करते, त्याने लुसलुशीत वाढ आवरते. पण रोपं माना टाकेपर्यंत तहानलेली ठेवणं म्हणजे त्याच आठवड्यात ऊन, वारा आणि उपास असे तिन्ही मार एकदम देणं. त्यातून वाचलेलं रोप काटक दिसतं खरं: देठ जांभळा आणि लाकडासारखा, पानं बारीक. जमिनीत लावल्यावर ते पंधरा-पंधरा दिवस ढिम्म बसून राहतं, कधी कधी वीतभर असतानाच फुलावर येतं. काटक आणि खुरटं यांत फरक आहे.

आता तुमच्या उरलेल्या 12 रोपांचं. आज एकेक हातात घेऊन बघा, पण धरताना पानाला धरा. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ चेपला तर रोप जातं. मातीलगत देठ तपकिरी होऊन चिमटला असेल तर ते फेकून द्या. देठ हिरवा आणि शेंड्यातली बारीक घडी शाबूत असेल तर ते जगण्याची शक्यता चांगली आहे, पानांवर कितीही चट्टे असोत. चट्टे परत हिरवे होणार नाहीत. पण ती पानं कापू नका, उरलेला हिरवा भागच सध्या रोपाला जेवू घालतोय. तीन-चार दिवस उजळ सावलीत ठेवा, माती ओलसर, खत अजिबात नाही.

शेंड्यात नवी हालचाल दिसली की एका संध्याकाळी मोठ्या कुंडीत हलवा आणि देठ बीजपत्रांपर्यंत मातीत गाडा. वांगी-मिरची एवढी खोल लावायला मी सांगत नाही, पण टोमॅटोच्या देठाला मातीचा स्पर्श झाला की तिथून मुळं फुटतात. जुन्या देठावर बारीक पांढऱ्या पुटकुळ्या दिसतात ना, त्या त्यासाठीच. म्हणजे लांबुडका देठ ही या एका पिकात थोडीशी भरून काढता येणारी चूक आहे. देठ फार लांब असेल तर कुंडीत वळसा देऊन घाला. त्याआधी अर्धा दिवस पाणी लांबवलं तर तो लवचिक होतो, कट्कन मोडत नाही. पाणी लांबवायला मी सांगतेय तो हा एवढाच प्रसंग. माती थंड आणि चिकट असेल तर खोल गाडलेला देठ कुजतो, तेव्हा तो उथळ चरात तिरपा निजवा आणि फक्त शेंडा वर ठेवा. कलमी रोपं असती तर हे करूच नका म्हटलं असतं, कारण जोड मातीत गेला की कलमाचा उपयोगच जातो. तुमची बियाची आहेत.

हलवल्यावर आठवडाभर त्यांना बसू द्या, मग पहिल्या दिवसापासून हार्डनिंग. आधी बाहेर काढलेला दिवस जमेस धरू नका.

आणि पाकिटात बी उरलं असेल तर आजच आणखी 12 बिया पेरा. टोमॅटोचं बी कोरड्या, थंड जागी चार-पाच वर्षं टिकतं, तेव्हा तेच चालेल. माझा अनुभव असा की तीन आठवडे उशिरा पेरलेलं पण ठेंगणं, जाड देठाचं रोप लावणीनंतर लांबुडक्या रोपाला बहुतेक वेळा गाठतं. दोन्ही तुकड्या शेजारी ठेवा, कोणती लावायची ते महिन्याने ठरवा. फक्त या वेळी पहिली मान दिसली की ट्रे त्याच दिवशी खिडकीच्या कट्ट्यावर, काचेला टेकवून.